विहिरीतल्या दगडाचा यूव्ही फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वावरात विहिरीचं काम निघालं आणि सुरुंग उडाला, की काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून पांढरे, गुलाबी, कधी पिसाऱ्यासारखे स्फटिक बाहेर पडतात. त्यांचे यूव्ही, म्हणजे अतिनील, दिव्याखाली फोटो काढायचे म्हटलं की काही प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्नांचा क्रम सोयीनुसार लावलाय. डोळ्यांच्या काळजीचा प्रश्न मात्र दिवा मागवण्याआधी वाचा.

दगडात उजेड येतो कुठून?

दिव्यातून. यूव्ही आपल्याला दिसत नाही. दगडातले काही अणू ती ऊर्जा घेतात, थोडी स्वतःकडे ठेवतात आणि उरलेली दिसणाऱ्या रंगात परत टाकतात. इंग्लंडमधल्या जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये हे नीट मांडलं. उजेड देणारा घटक बहुतेक वेळा दगडाचा मुख्य घटक नसतो, भेसळ असते. कॅल्साइटमध्ये चिमूटभर मॅंगनीज शिरलं की नारिंगी-लाल, फ्लोराइटमध्ये युरोपियम असलं की निळा, माणकात क्रोमियम असलं की लाल. म्हणून एकाच खदानीतले दोन कॅल्साइट, एक रसरशीत उजळतो आणि दुसरा ढिम्म बसतो.

लोह हा या खेळातला खलनायक आहे. ते असलं की चमक मरते.

आमच्याकडच्या दगडांत काय उजळतं?

पश्चिम विदर्भात, म्हणजे बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ आणि वर्ध्याच्या बऱ्याच भागात, पायाखाली बेसाल्ट, म्हणजे तोच काळा दगड, आहे. त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट, गारगोटी आणि अकीक भरलेले असतात. यातला भरवशाचा गडी कॅल्साइट: फिकट पिवळसर, गुलाबी, क्वचित नारिंगी. दिवसा सगळ्यात देखणे दिसणारे स्टिल्बाइट आणि स्कोलेसाइट रात्री बऱ्याचदा निराशा करतात, फार तर पांढुरकी झाक. गारगोटीच्या जातीतला कॅल्सेडनी किंवा ओपल कधी कधी शॉर्टवेव्ह, म्हणजे कमी तरंगलांबीच्या, यूव्हीखाली हिरवा पेटतो. तो हिरवा युरेनियमच्या नगण्य अंशाचा. बेसाल्ट स्वतः लोहाने भरलेला, त्यामुळे तो काळाच राहतो. फोटोसाठी आयता काळा पडदाच.

पूर्वेकडे गोष्ट बदलते. नागपूर-भंडाऱ्याच्या मॅंगनीज पट्ट्यात मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी आहेत. तिथलं काळं खनिज दिव्याखाली काळंच राहतं, कारण मॅंगनीज जास्त झालं की तेच चमक दाबून टाकतं. बघायचं असतं ते आजूबाजूच्या पांढऱ्या, दाणेदार संगमरवरात. त्यातल्या कॅल्साइटमध्ये मॅंगनीज बेताचं असेल तर निखाऱ्यासारखा लाल येतो. लोक काळा जड दगड उचलतात आणि पांढरा फेकून देतात. आपल्या कामासाठी नेमकं उलटं करायचं.

नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात टंगस्टनचं खनिज आहे. त्यातला शीलाइट शॉर्टवेव्हखाली निळसर पांढरा उजळतो, मॉलिब्डेनम मिसळलं असेल तर पिवळट. शीलाइटला ही चमक कुणाकडून उसनी घ्यावी लागत नाही, ती त्याची अंगचीच आहे. भूवैज्ञानिक रात्री दिवा घेऊन शीलाइट शोधतात ते याच कारणाने. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला फ्लोराइट आहे. वणी-बल्लारपूरचा कोळसा आणि सूरजागडचं लोहखनिज यांच्यावर मात्र बॅटरी वाया घालवू नका.

दिवा कोणता घ्यावा?

आधी एक फुकटचा उपाय. तालुक्याच्या ठिकाणी दुकानदाराकडे नोटा तपासायचा छोटा यूव्ही दिवा असतो. ओळखीचा असेल तर दुकान बंद व्हायच्या वेळी दगड घेऊन जा. पाचशेच्या नोटेचा नंबर जिथे उजळतो, तिथेच तुमचा कॅल्साइट धरून पाहा. आवड आहे की नाही ते तिथेच कळेल.

विकत घ्यायचा तर ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा एलईडी टॉर्च, पुढे काळी फिल्टर काच असलेला. काच नुसती शोभेची नसते. एलईडी थोडा जांभळा, दिसणारा उजेडही टाकतो, तो ती काच अडवते. बाजारात स्वस्तात मिळणारे पुष्कळ टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांचा जांभळा झोत डोळ्याला दिसतो आणि दगडावरून परावर्तित होऊन फोटोत सगळ्यावर पसरतो. मग पांढरा दगड जांभळा दिसतो आणि माणूस खूश होतो की सापडला!

खात्री करायला फ्रेममध्ये स्टीलचा चमचा ठेवा. स्टील उजळत नाही. फोटोत चमचा जांभळा झळकला तर तो रंग दिव्याचा आहे, आणि शेजारच्या दगडावरचा जांभळाही दिव्याचाच धरावा. चमचा काळोखात गडप झाला आणि दगड उजळला, तर तो रंग दगडाचा. ही चाचणी मी प्रत्येक नव्या टॉर्चला लावायला सांगतो, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

शॉर्टवेव्ह, म्हणजे २५४ नॅनोमीटरचा दिवा ही पुढची पायरी. तो महाग असतो, जपून वापरावा लागतो आणि त्याची फिल्टर काच वापरून वापरून मंद होत जाते. पण शीलाइट आणि हिरवा कॅल्सेडनी त्याशिवाय पुरते दिसत नाहीत. साधी काच आणि बहुतेक प्लास्टिक २५४ अडवतात, म्हणून दगड डबीतून बाहेर काढूनच दिवा लावा.

पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही ट्यूब काढून वापरली तर?

नको. तिच्यातून २५४ निघतं हे खरं, पण ती उघडी ट्यूब असते. पुढे काळी काच नसल्यामुळे निळा उजेड सगळी चमक झाकून टाकतो आणि फोटोही बिघडतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे ती जंतू मारायला बनवलेली आहे. चार हात लांबून बघितली तरी डोळ्यांना सोडत नाही.

डोळ्यांना आणि कातडीला किती धोका?

शॉर्टवेव्हचा धोका खरा आहे. डोळ्याच्या बुबुळावरचा पडदा भाजतो आणि लगेच काही कळत नाही. काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत रेती गेल्यासारखी टोचते, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बहुतेकांचं दोन-एक दिवसांत निवळतं, पण डॉक्टरांना दाखवायचंच. हातही उन्हात पोळल्यासारखे लाल होतात.

उपाय सोपे आहेत. पॉलिकार्बोनेटचा बाजूने झाकलेला चष्मा, वेल्डिंगच्या दुकानात मिळतो तसा पारदर्शक. हातमोजे, पूर्ण बाह्या. दिवा कायम खाली, दगडाकडे. ३६५ चा टॉर्च त्यामानाने सौम्य, तरी झोतात डोळे घालायचे नाहीत आणि लेकरांच्या हातात खेळायला द्यायचा नाही. शाळेत दाखवायचं असेल तर ३६५ च न्या आणि टॉर्च गुरुजींच्या हातात राहू द्या.

मोबाइलने फोटो येईल का?

येतो, बराच चांगला येतो. पण ऑटोवर सोडलात तर नाही. फोनचं नाइट मोड अंधार उजळवतं आणि रंगात स्वतःची अक्कल घालतं. प्रो मोड उघडा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ते २००, शटर २ ते ४ सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) दिवसाच्या उजेडाचा, साधारण ५५०० केल्व्हिन. फोन स्टँडवर किंवा विटांच्या आधारे घट्ट बसवा आणि टायमर लावा, कारण बोट लागलं तरी फोटो हलतो.

फोकस यूव्हीखाली धडपडतो. म्हणून आधी खोलीतला साधा दिवा लावून फोकस करा, लॉक करा, मग दिवा बंद.

कॅमेरा असेल तर सेटिंग काय ठेवू?

सगळं मॅन्युअल. ट्रायपॉड, मॅक्रो लेन्स असली तर उत्तम. सुरुवात एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ २००, ८ सेकंद इथून करा आणि पुढे-मागे सरका. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, म्हणजे व्हाइट बॅलन्स नंतर सांभाळता येतो. ऑटो व्हाइट बॅलन्सला या उजेडाचा काहीच अंदाज नसतो. तो लालला गुलाबी करतो आणि हिरव्याला पांढरा.

लाल उजळणारे दगड फसवतात. स्क्रीनवर फोटो ठीक वाटतो, पण लाल चॅनल भरून वाहिलेला असतो आणि दगडाचा पोत सपाट होतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) रंगवार उघडून लालकडे बघा, गरज पडली तर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. फोटो थोडा काळोखा वाटला तरी चालेल, स्फटिकाच्या कडा टिकल्या पाहिजेत.

टॉर्च एका जागी धरला की मधोमध पांढरा डाग पडतो. शटर उघडं असताना तो दगडाभोवती सावकाश फिरवत राहा, रांगोळीची रेघ ओढताना हात जसा न थांबता जातो तसा. अंतर मात्र सारखं ठेवा. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट होतो, मग दोन फोटोंची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

सगळ्या फोटोवर निळसर धुकं येतं. दिवा तर चांगला आहे.

चमच्याची चाचणी पास झाली असेल, तर यूव्ही लेन्समध्ये शिरतंय. काही लेन्स आणि सेन्सर ३६५ थोडंफार पकडतात, शिवाय लेन्समधल्या काचा स्वतःच मंद उजळू शकतात. लेन्सपुढे यूव्ही अडवणारा फिल्टर लावा. साधे ‘यूव्ही’ लिहिलेले फिल्टर बरेचदा नावापुरते असतात, किंचित पिवळट झाक असलेले जास्त काम करतात. मोबाइलवाल्यांनी तोच पॉलिकार्बोनेटचा चष्मा लेन्सपुढे धरून पाहावा. फरक लगेच दिसतो आणि पैसे लागत नाहीत. मात्र तो फिल्टर किंवा चष्मा स्वतः उजळत नाही ना, हे टॉर्च मारून आधी बघून घ्या.

दगडावर बारीक निळे-पांढरे तंतू आणि ठिपके चमकतात. हे कोणतं खनिज?

तुमचा सदरा. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा यावा म्हणून जे द्रव्य घालतात, ते यूव्हीखाली झगझगीत निळं-पांढरं उजळतं. धुतलेल्या कपड्याचा एक तंतू फोटोत विजेसारखा दिसतो. आमच्या कापसाच्या मुलखात तर हंगामात घरभर तंतू उडत असतात. कच्चा कापूसही थोडा उजळतो, आणि अस्परजिलस बुरशी लागलेल्या कापसावर हिरवट पिवळे ठिपके पेटतात. कापसातली ही बुरशी हेरायला तीच खूण वापरतात.

म्हणून दगड धुताना कपड्याची पावडर आणि साबण वर्ज्य. साधं पाणी आणि जुना मऊ दातब्रश पुरे. नाजूक सुयांच्या स्कोलेसाइटला ब्रशही नको, नुसती हवा मारा. फोटोआधी ब्लोअर, आणि शेवटचे चार तंतू चिमट्याने. लिंबू, ॲसिड यांच्या वाटेला जाऊ नका, कॅल्साइट फसफसून विरघळतो.

आणखी काही घरगुती सोंगं: हळदीचा हात लागला तर पिवळा-हिरवा ठसा उमटतो. विकणाऱ्याने चकाकीसाठी तेल चोळलं असेल तर तेही उजळू शकतं. तुटलेला स्फटिक चिकटवला असेल तर डिंकाची रेघ निळसर पांढरी दिसते. ही शेवटची गोष्ट खरेदीच्या वेळी फार कामाची. टॉर्च खिशात ठेवून जा.

दगडाखाली काय अंथरावं?

काळं काहीही चालेल असं नाही. काळं मखमल सुंदर दिसतं पण तंतूंचं माहेरघर असतं, आणि काही काळी कापडं यूव्हीखाली चक्क तांबूस होतात. मॅट काळा चार्ट पेपर किंवा काळा फोम घ्या, आणि वापरण्याआधी रिकाम्याच कागदावर दिवा मारा. तो काळा राहिला तर घ्या.

उन्हाळ्यात फोटो बिघडतात का?

हो. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात रात्रीही खोली तापलेली असते. गरम सेन्सर लांब शटरला रंगीत दाणे टाकतो, आणि गरम झालेला एलईडी मंद होतो. कॅमेऱ्यात लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन असेल तर चालू करा, टॉर्चला मध्ये मध्ये विश्रांती द्या. जमलं तर हे काम हिवाळ्यावर ढकला.

लाइट जाण्याचा त्रास उलट कमी. टॉर्च बॅटरीवर चालतो आणि गावभर अंधार आयता मिळतो. फक्त बॅटरी उतरली की टॉर्चचा झोत कळत नकळत कमी होतो, म्हणून तुलनेचे फोटो एकाच चार्जमध्ये उरका. घरात अंधारासाठी धान्याची कोठी सगळ्यात चांगली. दाराच्या फटीला गोणपाट लावा आणि डोळ्यांना दहा मिनिटं सवय होऊ द्या.

रात्री खदानीत किंवा नाल्यात टॉर्च घेऊन शोधायला जाऊ का?

गेलात तर सगळ्यात आधी इच्चू दिसतील. विंचवाचं कवच यूव्हीखाली निळं-हिरवं उजळतं, लांबूनही ओळखू येतं. एका अर्थी हे बरंच आहे, दगड उचलण्याआधी ढिगारा टॉर्चने झाडून घेता येतो. साप मात्र असे दिसत नाहीत, त्यासाठी साधा टॉर्च आणि बूट हवेतच. खदानीची कड आणि बिनकठड्याची विहीर अंधारात कशी दिसते ते सांगायला नको. माझं मत स्पष्ट आहे: दगड दिवसा गोळा करा, रात्री घरात पाहा.

ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांतून दगड आणायचा विचारही नको. लोणारही अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथला खडा जिथे आहे तिथेच शोभतो. राहिल्या गिट्टी खदानी आणि विहिरीचे ढिगारे. मालकाला विचारा, सुरुंगाच्या वेळा विचारा, आणि उजळणारा फोटो नंतर त्यांना नेऊन दाखवा. पुढच्या वेळी दादा स्वतःच तुमच्यासाठी दगड बाजूला काढून ठेवतील.

अंगठीतला माणिक लाल उजळला. म्हणजे अस्सल ना?

एवढ्यावरून नाही. क्रोमियममुळे माणिक लाल उजळतं, आणि कारखान्यात बनवलेल्या माणकातही क्रोमियमच असतं. १९०२ मध्ये व्हर्नुईने जाहीर केलेल्या पद्धतीचे कृत्रिम माणिक तर अनेकदा खाणीतल्यापेक्षा जास्त पेटतात. उलट लोह जास्त असलेला अस्सल माणिक मंद राहू शकतो. हिऱ्यांतही चारातला एक ते तिनातला एक एवढेच उजळतात, बहुतेक निळे. गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त आहे, म्हणून तिकडचा प्रत्येक चमकता खडा हिरा समजणारे भेटतात. यूव्ही हा एक पुरावा आहे, निकाल रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत लागतो.

चमकणारा दगड किरणोत्सारी असतो का? आणि नागमणी?

चमकणं आणि किरणोत्सार या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅल्साइट, फ्लोराइट, माणिक यांच्या चमकीचा किरणोत्साराशी संबंध नाही. हिरव्या कॅल्सेडनीत युरेनियमचा अंश असतो, पण इतका थोडा की कपाटात ठेवायला घाबरण्याचं कारण नाही.

नागमणीची गोष्ट निराळी. दिवा बंद केल्यावरही काही कॅल्साइट क्षणभर, कधी काही सेकंद मंद उजळत राहतात. त्याचा फोटो काढायचा असेल तर दिवा बंद करण्याच्या क्षणी शटर उघडा. पण रात्रभर हिरवा उजळणारा गोल खडा कोणी बाजारात ‘नागमणी’ म्हणून दाखवला, तर तो खेळण्यांत आणि घड्याळाच्या काट्यांवर वापरतात त्या पावडरीचा असतो. सापाच्या डोक्यात मणी नसतो. पैसे खिशातच ठेवा.

फोटो टाकताना सोबत काय लिहावं?

फोटो दोन हवेत: एक साध्या पांढऱ्या उजेडात, एक यूव्हीखाली, कॅमेरा न हलवता. खाली दिव्याची तरंगलांबी, फिल्टर काच होती की नाही, शटर-आयएसओ, दगड किती सेंटिमीटरचा आणि कुठल्या तालुक्यातला. खदानीचा नेमका पत्ता मालकाला विचारल्याशिवाय टाकू नका. ‘कॅल्साइट, लाल’ एवढंच लिहिलं तर दुसऱ्याला पडताळता येत नाही, कारण तोच दगड ३६५ खाली गुलाबी आणि २५४ खाली लाल असू शकतो. नाव नक्की नसेल तर ‘पांढरं खनिज, नखाने ओरखडा जात नाही, लिंबाच्या रसाचा थेंब टाकल्यावर फसफसतं’ असं दिसलं तसं लिहा. थेंब मात्र मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला टाका आणि फोटो आधी काढून घ्या.

एडिटिंग करताना सॅच्युरेशनला हात लावू नका. चमचा असलेला चाचणीचा फोटोही जपून ठेवा. कोणी शंका काढली तर तोच दाखवायचा.